‘ॲज’, ‘सिन्स’ की ‘बिकॉज’? एका सराव चाचणीच्या उत्तरतालिकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन केंद्रातलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. इथले बहुतेक विद्यार्थी मराठी माध्यमातून शिकलेले आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या गट ब, गट क परीक्षांची तयारी करणारे. दर रविवारी सराव चाचणी होते. सोमवारी सकाळी उत्तरतालिका आणि गुणवत्ता यादी फलकावर लागते. यादीत वर असणाऱ्यांना अभ्यासिकेची फी माफ असते, त्यामुळे अर्ध्या गुणाचा फरकसुद्धा खिशाशी जोडलेला असतो.

ज्या चाचणीवरून वाद झाला तिच्यात इंग्रजीचे २५ प्रश्न होते. प्रत्येकी एक गुण, चार पर्याय, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. त्यांतले आठ प्रश्न उभयान्वयी अव्ययांवर होते. पेपर काढला होता कनिष्ठ महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या इंग्रजीच्या सरांनी. केंद्रात इंग्रजी शिकवणाऱ्या दुसऱ्या मॅडमनी तो छापण्याआधी पाहिलेला नव्हता. वाक्यं गाइडांतून घेतलेली होती आणि पेपर कठीण व्हावा म्हणून सरांनी प्रत्येक प्रश्नाचे चारही पर्याय शक्यतो एकाच अर्थगटातून निवडले होते. कारण सांगणारी अव्ययं एकत्र, विरोध सांगणारी एकत्र, वेळ सांगणारी एकत्र. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ या निवडीत आहे.

ते आठ प्रश्न असे:

१. ___ इट वॉज रेनिंग, वी स्टेड ॲट होम. पर्याय: ॲज, सिन्स, बिकॉज, फॉर. तालिकेतलं उत्तर: ॲज.

२. ही डिड नॉट पास ___ ही वर्क्ड हार्ड. पर्याय: ऑल्दो, दो, बट, सो. उत्तर: ऑल्दो.

३. शी हॅज बीन अनवेल ___ शी रिटर्न्ड फ्रॉम द व्हिलेज. पर्याय: सिन्स, फॉर, फ्रॉम, बाय. उत्तर: सिन्स.

४. डू नॉट लीव्ह द रूम ___ आय टेल यू. पर्याय: अनटिल, अनलेस, बिकॉज, दो. उत्तर: अनटिल.

५. ___ आय वॉज क्रॉसिंग द रोड, आय सॉ ॲन ॲक्सिडेंट. पर्याय: व्हेन, व्हाईल, ॲज, टिल. उत्तर: व्हाईल.

६. आय डू नॉट नो ___ ही विल कम. पर्याय: इफ, व्हेदर, बिकॉज, ऑल्दो. उत्तर: व्हेदर.

७. ही रॅन फास्ट ___ ही शुड मिस द बस. पर्याय: लेस्ट, सो दॅट, अनलेस, अनटिल. उत्तर: लेस्ट.

८. दो ही इज पुअर, ___ ही इज ऑनेस्ट. पर्याय: येट, बट, सो, अँड. उत्तर: येट.

अडचण

सोमवारी दुपारपर्यंत सहा प्रश्नांवर लेखी हरकती आल्या. तिसरा आणि सातवा सोडून सगळ्यांवर. काही जणांनी गाइडांची पानं जोडली होती. पहिल्या प्रश्नाला एका गाइडमध्ये ‘सिन्स’ उत्तर होतं, दुसऱ्यात ‘ॲज’, आणि दोन्हीकडे स्पष्टीकरणाच्या जागी फक्त ‘कारण दर्शवते’ एवढंच लिहिलेलं.

वर्गात एकानं विचारलं, “सर, ‘सिन्स’ का चुकलं?” सरांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं की पाऊस हे नैसर्गिक कारण आहे, तिथे ‘ॲज’ येतं. पाचव्या प्रश्नाला सांगितलं की चालू काळाबरोबर नेहमी ‘व्हाईल’ आणि साध्या भूतकाळाबरोबर नेहमी ‘व्हेन’. सहाव्याला सांगितलं की ‘इफ’ फक्त अट दाखवायला वापरतात. मुलांनी तिन्ही वाक्यं ‘नियम’ म्हणून वहीत उतरवून घेतली.

हे तिन्ही नियम खरे नाहीत. तालिकेतलं उत्तर वाचवण्यासाठी ते त्या क्षणी तयार झाले होते. गुणांचा वाद दोन दिवसांत मिटतो. वहीत चौकट करून लिहिलेला खोटा नियम मात्र मुख्य परीक्षेपर्यंत सोबत जातो आणि तिथे बरोबर येणारं उत्तरही चुकवतो. मॅडमनी हरकती वाचल्यावर संचालकांकडे पहिली मागणी केली ती हीच, की गुणांचं नंतर बघू, आधी हे तीन नियम मागे घ्यायला हवेत.

तपासणी कशी केली

दोघा शिक्षकांनी तालिका बाजूला ठेवली. आठ प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय, म्हणजे ३२ पूर्ण वाक्यं. दोघांनी ती वेगवेगळी बसून लिहून काढली आणि प्रत्येकापुढे बरोबर, चूक किंवा शंका असा शेरा मारला. नुसती रिकामी जागा बघून डोळा सवयीच्या शब्दावर थांबतो. पूर्ण वाक्य लिहून मोठ्याने वाचलं की दुसरा पर्यायही सहज बसतोय हे लगेच कळतं. मग दोघांचे शेरे जुळवले. जिथे दोघांनाही एकाहून जास्त पर्याय बरोबर वाटले, तो प्रश्न संदिग्ध धरला. जिथे शेरे वेगळे पडले तिथे मोठ्या शब्दकोशातली उदाहरणं पाहून ठरवलं.

पहिल्या प्रश्नात ‘ॲज’, ‘सिन्स’ आणि ‘बिकॉज’ तिन्ही बरोबर ठरले. बाद झालं ते फक्त ‘फॉर’, आणि तेही अर्थामुळे नाही, जागेमुळे. ‘फॉर’ हे ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’ यांच्या पंगतीतलं प्रधानत्वबोधक अव्यय आहे. ते दोन वाक्यांच्या मधेच येतं, त्याचं वाक्य उचलून सुरुवातीला नेता येत नाही. बाकीची तिन्ही गौणत्वबोधक, म्हणून त्यांचं वाक्य पुढेही चालतं आणि मागेही.

मग या तिघांत फरक काहीच नाही का? आहे, आणि तो उपयोगाचा आहे. ऐकणाऱ्याला कारण आधीच ठाऊक असेल, किंवा ते जाता जाता सांगायचं असेल, तर ‘ॲज’ किंवा ‘सिन्स’ येतं आणि बहुधा वाक्याच्या सुरुवातीला येतं. कारण हीच मुख्य बातमी असेल तर ‘बिकॉज’. म्हणून ‘व्हाय डिड यू स्टे ॲट होम?’ या प्रश्नाला ‘बिकॉज इट वॉज रेनिंग’ असं सुटं उत्तर देता येतं, ‘सिन्स इट वॉज रेनिंग’ असं देता येत नाही. तसंच ‘ओन्ली’, ‘जस्ट’, ‘सिंपली’ हे शब्द ‘बिकॉज’च्या आधी बसतात, कारणदर्शक ‘ॲज’ किंवा ‘सिन्स’च्या आधी बसत नाहीत. ‘इट वॉज ___ इट वॉज रेनिंग दॅट वी स्टेड ॲट होम’ या साच्यातही ‘बिकॉज’च लागतं. पण प्रश्नपत्रिकेतल्या वाक्यात ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे हे कुठेच सांगितलेलं नाही. मग निवड करायची कशावरून? वाक्यात पुरावा नाही, म्हणून उत्तर एक नाही. एवढं साधं आहे ते.

इथे स्वल्पविरामाचाही संबंध येतो. ‘वी स्टेड ॲट होम ___ इट वॉज रेनिंग’ असं वाक्य स्वल्पविरामाशिवाय असेल तर कल ‘बिकॉज’कडे जातो. रिकाम्या जागेआधी स्वल्पविराम दिला की ‘फॉर’ही शक्य होतं. अक्षरजुळणीत एक स्वल्पविराम गळला तर प्रश्न बदलतो, आणि मुद्रितशोधन करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

दुसऱ्या प्रश्नानं सगळ्यांत जास्त धक्का दिला. हरकत एवढीच होती की ‘ऑल्दो’ आणि ‘दो’ यांत फरक नाही, आणि या जागी खरोखरच नाही. ‘ऑल्दो’ थोडं औपचारिक, ‘दो’ बोलण्यात जास्त, बस. पण पूर्ण वाक्यं लिहिल्यावर दिसलं की ‘ही डिड नॉट पास, बट ही वर्क्ड हार्ड’ हेही चालतं: पास झाला नाही, पण मेहनत मात्र केली. आणि ‘सो’ घातलं तर घटनांचा क्रम उलटतो, नापास झाला म्हणून नंतर कसून अभ्यास केला. स्वल्पविराम दिला की तेही निर्दोष वाक्य आहे. म्हणजे चारही पर्याय बरोबर! एका विद्यार्थिनीनं ‘बट’ निवडलं होतं. तिचा तर्क असा की दोन पर्याय अगदी सारखे असतील तर दोन्ही उत्तरं असू शकत नाहीत, म्हणून दोन्ही बाद. नीट काढलेल्या पेपरात हा तर्क बहुतेक वेळा बरोबर ठरतो. इथे त्यानंच तिचा गुण गेला आणि वर पाव गुण कापला गेला.

चौथा प्रश्न जास्त विचार करायला लावणारा होता, कारण ‘अनटिल’ आणि ‘अनलेस’ समानार्थी नाहीत. ‘अनटिल आय टेल यू’ म्हणजे मी सांगणार आहे, तोवर थांब. ‘अनलेस आय टेल यू’ म्हणजे मी सांगितलं तरच जा, कदाचित सांगणारही नाही. एकात वेळ, दुसऱ्यात अट. दोन्ही वाक्यं शुद्ध, अर्थ वेगळे, आणि बोलणाऱ्याच्या मनात कोणता अर्थ आहे हे वाक्यात नाही. सरांचा पहिला मुद्दा होता की ‘अनटिल’ जास्त स्वाभाविक वाटतं. मॅडमचं म्हणणं असं की ‘स्वाभाविक’ हे स्पष्टीकरण विद्यार्थ्याला पुढच्या वाक्यात वापरता येत नाही, म्हणून ते स्पष्टीकरणच नाही. सरांनी ते मान्य केलं.

याच प्रश्नात मराठी विद्यार्थ्यांची एक खरी, वारंवार होणारी चूक तपासायची संधी वाया गेली होती. आपण ‘जोपर्यंत मी सांगत नाही तोपर्यंत’ असं म्हणतो, म्हणून इंग्रजीत ‘अनटिल आय डू नॉट टेल यू’ लिहिलं जातं. ‘अनटिल’ आणि ‘अनलेस’ दोन्हींच्या वाक्यात हा ‘नॉट’ नको असतो. ‘अनलेस’मध्ये तर नकार आधीच आहे. हे विचारलं असतं तर उत्तर एकच निघालं असतं आणि ते शिकवण्याजोगंही होतं.

पाचव्यात ‘व्हेन’, ‘व्हाईल’, ‘ॲज’ तिन्ही बसतात. ‘व्हाईल’ला काही काळ चालणारी क्रिया लागते, रस्ता ओलांडणं तशी आहे. ‘ॲज’ एक क्रिया चालू असताना मधे घडलेली दुसरी घटना दाखवतं, तेही आहे. ‘व्हेन’ क्षणिक क्रियेलाही चालतं आणि लांबणाऱ्यालाही. ‘चालू काळ आला की व्हाईल’ हा नियम म्हणून अर्धाच आहे: ‘व्हाईल’ला लांबणारी क्रिया हवी हे खरं, पण लांबणाऱ्या क्रियेला ‘व्हाईल’च हवं हे खोटं.

सहाव्यात ‘आय डू नॉट नो’नंतर ‘इफ’ आणि ‘व्हेदर’ दोन्ही शुद्ध. फक्त ‘व्हेदर’ चालतं अशा जागा ठरलेल्या आहेत: शब्दयोगी अव्ययानंतर, ‘टू’ लागलेल्या क्रियापदाआधी, ‘ऑर नॉट’ लगेच पुढे येत असेल तिथे, आणि ते उपवाक्य कर्ता म्हणून सुरुवातीला असेल तिथे. यांतली एकही जागा प्रश्नात नव्हती.

आठव्यावरची हरकत अशी होती की ‘दो’ आल्यावर दुसरं अव्यय लागतच नाही. आजच्या लेखनात हे बरोबर आहे, स्वल्पविराम पुरतो. पण ‘दो… येट’ ही जोडी आपल्याकडच्या जुन्या व्याकरणात शिकवली जात आली आहे आणि ती चूक नाही. ‘दो… बट’ मात्र चूकच, आणि ‘जरी… तरी’च्या सवयीनं मुलं नेमकं तेच लिहितात. दिलेल्या चारांत ‘येट’शिवाय काहीच बसत नसल्यानं हा प्रश्न टिकला.

वाद न झालेले दोन प्रश्न का टिकले हेही पाहिलं गेलं. तिसऱ्यात ‘हॅज बीन’ हा काळ आणि भूतकाळातला ठरावीक क्षण यांनी ‘सिन्स’कडे बोट दाखवलं. सातव्यात ‘शुड’ आणि ‘मिस’ यांनी ‘लेस्ट’कडे. दोन्हींत पुरावा वाक्यातच होता.

समोरचे पर्याय

संचालक, सर आणि मॅडम यांच्यापुढे चार वाटा होत्या.

तालिका आहे तशी ठेवणं ही पहिली. सरांचा युक्तिवाद होता की खऱ्या परीक्षेतही असे प्रश्न येतात, मुलांना सवय हवी. यात तथ्य आहे. पण आयोगसुद्धा वस्तुनिष्ठ परीक्षेनंतर आधी पहिली उत्तरतालिका जाहीर करतो, उमेदवारांकडून पुराव्यासह हरकती मागवतो, आणि अंतिम तालिकेत उत्तरं बदलतात, प्रश्न रद्दही होतात. सवयच लावायची तर त्या पूर्ण प्रक्रियेची लावायला हवी.

दुसरी वाट, वादग्रस्त प्रश्नांचा पूर्ण गुण सगळ्यांना देणं. तिसरी, जे जे पर्याय बरोबर ठरले ते सगळे मान्य करणं. चौथी, ते प्रश्न गुणवत्ता यादीतून काढून टाकणं.

संचालकांना तिसरी वाट सर्वांत न्याय्य वाटली आणि मंगळवारी ती जाहीरही झाली. एक, दोन, चार, पाच, सहा या पाच प्रश्नांना अनेक उत्तरं मान्य. बुधवारी एका विद्यार्थ्याचं पत्र आलं. त्यानं या पाचांपैकी तीन प्रश्न कोरे सोडले होते. लिहिलं होतं की दोन-दोन पर्याय बरोबर दिसत होते, पाव गुण जाईल म्हणून सोडले. ज्यानं डोळे मिटून खूण केली त्याला गुण मिळाला आणि ज्याला संदिग्धता कळली त्याला शून्य.

मॅडमनी मग पहिल्या प्रश्नाचं गणित मांडलं. मूळ तालिकेनुसार, ज्याला तिन्ही पर्याय बरोबर आहेत हे कळतं आणि जो त्यांतला एक निवडतो, त्याला सरासरी मिळतात एक तृतीयांश वजा दोन तृतीयांशाचा पाव भाग, म्हणजे एक षष्ठांश गुण. ज्याला काहीच येत नाही आणि जो चारांतला कुठलाही निवडतो, त्याला एक चतुर्थांश वजा तीन सोळांश, म्हणजे एक सोळांश. आणि ज्यानं तेच गाइड पाठ केलंय त्याला पूर्ण एक. आता तीन उत्तरं मान्य केली तर? जाणकाराला एक गुण, आणि काहीच न येणाऱ्याला तीन चतुर्थांश वजा एक सोळांश, म्हणजे अकरा सोळांश. दुसऱ्या प्रश्नात तर चारही बरोबर, म्हणजे खूण करणाऱ्या प्रत्येकाला पूर्ण गुण. जो प्रश्न येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला जवळपास सारखेच गुण देतो, त्यावर क्रमांक लावण्यात अर्थ उरत नाही.

या हिशोबानंतर चौथी वाट ठरली.

काय केलं

पाच प्रश्न यादीतून काढले. कापलेले पाव गुण परत केले, मिळालेले गुणही काढले, आणि यादी उरलेल्या २० प्रश्नांवर नव्याने लावली. फी माफीच्या शेवटच्या जागेवरचं नाव बदललं. आधी जाहीर झालेल्या विद्यार्थ्याचा दोष नव्हता, म्हणून त्या महिन्यापुरती दोघांचीही फी माफ केली.

सरांनी वर्गात तिन्ही नियम स्वतः मागे घेतले, तिन्ही वाक्यं फळ्यावर लिहून काट मारली आणि प्रत्येकाखाली नियम मोडणारं एक-एक शुद्ध वाक्य लिहिलं. हे काम मॅडमनी केलं असतं तर तो दोन शिक्षकांतला मतभेद दिसला असता. ज्यानं सांगितलं त्यानंच खोडलं, म्हणून मुलांनी वहीतही खोडलं.

मग प्रश्न दुरुस्त करायला घेतले. पहिल्यात ‘ओन्ली’ घातलं: वी स्टेड ॲट होम ओन्ली ___ इट वॉज रेनिंग. आता ‘बिकॉज’शिवाय गत्यंतर नाही.

दुसऱ्यासाठी सरांचं पहिलं सुचवणं होतं: ही वर्क्ड हार्ड. ही डिड नॉट पास, ___. शेवटी ‘दो’ येतं, ‘ऑल्दो’ येत नाही, हे बरोबर. पण तिथलं ‘दो’ क्रियाविशेषण आहे, उभयान्वयी अव्यय नाही, आणि प्रश्नाचं शीर्षक उभयान्वयी अव्ययं असं आहे. म्हणजे नवी हरकत ठरलेली. ते रद्द करून हे घेतलं: स्ट्रेंज ___ इट मे सीम, ही हॅज नेव्हर लेफ्ट हिज व्हिलेज. विशेषण पुढे आलं की ‘दो’ चालतं, ‘ऑल्दो’ चालत नाही. इथे ‘ॲज’ही शुद्ध आहे, म्हणून ते पर्यायांत ठेवलं नाही.

चौथ्याचे दोन प्रश्न केले. ‘इट इज ओन्ली फोर नाऊ. डू नॉट लीव्ह द रूम ___ द क्लॉक स्ट्राइक्स फाइव्ह’ यात पाच वाजणारच आहेत, म्हणून ‘अनटिल’. ‘द मॅच विल स्टार्ट ॲट सिक्स ___ इट रेन्स’ यात पाऊस पडेलच असं नाही, म्हणून ‘अनलेस’. दुसऱ्याच्या पर्यायांत आधी ‘इफ’ होतं. ते काढलं, कारण पाऊस आला तर सामना सहाला सुरू होईल हे वाक्य विचित्र असलं तरी व्याकरणात निर्दोष आहे, आणि हरकत घेणारा नेमकं तेवढंच सिद्ध करतो.

पाचव्यात वाक्य उलटवलं: आय वॉज क्रॉसिंग द रोड ___ आय हर्ड अ लाउड क्रॅश. चालू क्रिया आधी, क्षणिक घटना नंतर, म्हणून ‘व्हेन’. ‘ॲज’ वादाला जागा ठेवतं म्हणून ते घेतलंच नाही. चुकीचा पर्याय म्हणून घातलेलं ‘दो’ही चाचपणीत बसतंय असं आढळलं: आवाज ऐकू आला तरी मी रस्ता ओलांडत होतो. त्याच्या जागी ‘लेस्ट’ आलं. सहाव्यात शब्दयोगी अव्यय घातलं, ‘एव्हरीथिंग डिपेंड्स ऑन ___ ही कम्स’, आणि ‘व्हेदर’ एकटं उरलं.

कारण सांगणाऱ्या अव्ययांवरचा आणखी एक मसुदा, ‘ही डिड नॉट रिझाइन ___ ही वॉज टायर्ड’, मॅडमनी बाजूला ठेवला. नकारानंतर ‘बिकॉज’ आलं की दोन अर्थ निघतात: थकला होता म्हणून राजीनामा दिला नाही, किंवा राजीनामा दिला पण थकवा हे त्याचं कारण नव्हतं. असं वाक्य शिकवायला उत्तम, एकच उत्तर हव्या असणाऱ्या परीक्षेत मात्र नको.

विद्यार्थ्यांसाठी एक पान काढलं. त्यातला क्रम असा: आधी रिकाम्या जागेची स्थिती बघा, सुरुवातीला आहे की मधे, आधी स्वल्पविराम आहे का. मग दोन्ही क्रियापदांचे काळ. मग ‘ओन्ली’, ‘शुड’, ‘येट’, ‘ऑन’ यांसारखे बांधून ठेवणारे शब्द. मग चारही पर्याय घालून मनात पूर्ण वाक्य वाचा. एवढ्यानंतरही दोन उरले तर एक पर्याय निवडून पुढे जा, कारण दोनांतून एक निवडताना सरासरी हिशोब तुमच्या बाजूनं असतो: अर्धा वजा एक अष्टमांश, म्हणजे तीन अष्टमांश गुण. कोरं सोडलं तर शून्य. प्रश्न क्रमांक लक्षात ठेवा, आणि पहिली तालिका लागली की मुदतीत पुराव्यासह हरकत नोंदवा.

परिणाम

दुरुस्त केलेले प्रश्न पुढच्या चाचणीत घेतले तेव्हा एकच हरकत आली, ‘स्ट्रेंज ___ इट मे सीम’वर, आणि तीही ही रचना शिकवलेली नाही अशी. हरकत उत्तरावर नव्हती, म्हणून तालिका बदलली नाही. तो प्रश्न पुढच्या वर्गात शिकवून घेतला.

सरांचा सवयीचा मुद्दा सोडून दिला गेला नाही. अधूनमधून संदिग्ध प्रश्नांचं वेगळं पान देतात, बिनगुणांचं. त्यात विद्यार्थ्यानं उत्तर द्यायचं नसतं, किती पर्याय बसतात आणि प्रत्येकानं अर्थ कसा बदलतो हे लिहायचं असतं, आणि शेवटी एकच उत्तर उरेल असं वाक्य दुरुस्त करून दाखवायचं असतं. चर्चेला सर्वांत जास्त वेळ याच पानावर जातो.

काय वेगळं करता आलं असतं

३२ वाक्यांची तपासणी पेपर छापण्याआधी झाली असती तर यातलं काहीच घडलं नसतं. दोन माणसं आणि एक तास पुरतो. पेपर काढणाऱ्यानं स्वतः तपासणं पुरेसं नाही, कारण त्याच्या मनात उत्तर आधीच पक्कं असतं आणि त्याला दुसरा पर्याय ऐकूच येत नाही. दुसऱ्या तपासनीसाला तालिका देऊ नये, ही अट इथे महत्त्वाची.

चुकीचे पर्याय निवडण्याची पद्धतही उलटी हवी होती. समानार्थी शब्द शेजारी ठेवून प्रश्न कठीण होत नाही, फक्त अनिश्चित होतो. कठीण करायचा तर मुलं खरोखर करतात ती चूक पर्यायात ठेवावी: ‘दो’ नंतरचं ‘बट’, ‘अनटिल’ नंतरचा ‘नॉट’, ‘सिन्स’च्या जागी ‘फ्रॉम’.

मंगळवारचा निर्णय घाईचा होता. दोन दिवसांत यादी दोनदा बदलल्यानं तिसऱ्यांदाही बदलेल अशी कुजबुज झाली आणि गुणांचा अभ्यास सोडून हरकतींचा अभ्यास सुरू झाला. ‘तालिका तात्पुरती आहे, हरकती बुधवारपर्यंत, अंतिम यादी गुरुवारी’ अशी एक ओळ सोमवारीच फलकावर असती, तर कोरे सोडणाऱ्याचं पत्रही वेळेत आलं असतं आणि बदल एकदाच झाला असता. आता प्रत्येक तालिकेच्या डोक्यावर ती ओळ छापलेली असते. वर्गात तालिकेबद्दल प्रश्न आला की शिक्षक तिथे उत्तर देत नाहीत, प्रश्न क्रमांक लिहून घेतात आणि पूर्ण वाक्यं करून बघितल्यावर दुसऱ्या दिवशी सांगतात.